आधी गावाचं पाणी मोजा, मग पुढच्या १५ वर्षांचं चित्र काढा: पटतंय का?

शिवारवाट:
मंडळी, आमच्या गावात पुढच्या १५ वर्षांत गाव कसं असावं हे ठरवायला एक खास ग्रामसभा घ्यायचं चाललंय, आणि त्यावरून घरात, पारावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे वाद पेटलेत, म्हणून इथे मांडतोय. गाव चार हजार वस्तीचं, शिवार साधारण हजार हेक्टर, ५०० मिमी पाऊस झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. रस्ता चौपदरी झाला आणि दोन वर्षांत रस्त्याकडेच्या पाच-सहा शेतांत प्लॉट पडले, शहरात नोकरी करणारी माणसं येऊन घरं बांधतायत. शाळेचा पट वाढला, दुकानं चालायला लागली, ते चांगलंच झालं, त्याला माझा विरोध नाही. पण एप्रिलात नळयोजनेच्या विहिरीने तळ गाठला आणि ज्या गावाने कधी टँकर बघितला नव्हता तिथे बायका हंडे घेऊन टँकरच्या मागे पळत होत्या.

आता सभेसाठी जी यादी फिरतेय त्यात कमान आहे, सभामंडप आहे, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, सगळं आहे, पाणी मात्र 'पाणीपुरवठा सुधारणे' एवढ्या दोन शब्दांत उरकलंय. माझं म्हणणं असं की आधी पाण्याचा हिशोब लावा. हिशोब अवघड नाही, एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, आमच्या शिवारावर ५०० मिमी पडला तर ५०० कोटी लिटर. त्यातलं वाहून किती जातं, उडून किती जातं, मुरतं किती, मे अखेरपर्यंत विहिरीत उरतं किती हे काढायचं आणि त्यावरून ठरवायचं की गावाला अजून किती घरं झेपतील. तो आकडा आराखड्यात लिहायचा आणि त्याच्या पुढे नळ कनेक्शन द्यायचं नाही. आदर्श गाव म्हणून नावाजलेलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतंय, तिथला पाऊस आमच्यापेक्षाही कमी. मग आम्हाला का जमू नये?

सातबारा:
मी साफ विरोधात आहे आणि का ते सांगतो. तुम्ही जो हिशोब दिलाय ना तोच पुढे नेऊ. चार हजार माणसं, जलजीवन या सरकारी नळयोजनेच्या नियमाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला आठ कोटी लिटर. तुमच्या ५०० कोटीतले आठ कोटी. दोन टक्केसुद्धा नाही! आता ऊस घ्या, मोकाट पाणी दिलं तर २००० मिमी तरी धरा, एका एकराला ८० लाख लिटर झाले. म्हणजे दहा एकर ऊस जेवढं पाणी पितो तेवढ्यात तुमचं अख्खं गाव वर्षभर पाणी पितं. माझ्या एक एकरात रस्ते-मोकळी जागा सोडून समजा २० प्लॉट पडले, घरात पाच माणसं धरली, शहरासारखं १३५ लिटरने वापरलं तरी वर्षाला ५० लाख लिटर होत नाही, म्हणजे त्याच एकरातल्या उसापेक्षा कमीच. मग घरांवर मर्यादा का आणि उसावर का नाही? शिवारवाट, तुमचा स्वतःचा ऊस किती एकर आहे हे पण सांगून टाका.

दुसरं, जमीन माझी आहे. दोन मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण, सोयाबीनचा भाव तर सगळ्यांना माहितीये. आयुष्यात पहिल्यांदा या जमिनीला कुणी किंमत देतंय आणि त्याच वेळी गाव म्हणणार की थांब. हे गाव माझी पोरगी कॉलेजला गेली तेव्हा फी भरायला आलं नव्हतं. जमिनीचा बिगरशेती वापर, ले-आऊट मंजुरी हे सगळं महसूल आणि नगररचनाकडे असतं, ग्रामसभेच्या ठरावाने माझ्या सातबाऱ्यावर काही होत नाही हे पण लक्षात घ्या.

काळीमाती:
सातबारांना पूर्ण पाठिंबा. हिवरे बाजारचं नाव किती वर्षं घेणार? तिथे पोपटराव पवार होते, राळेगणला अण्णा हजारे, पाटोद्याला भास्करराव पेरे. प्रत्येक आदर्श गावाच्या मागे एक माणूस उभा आहे जो वीस-तीस वर्षं हलला नाही. आमच्याकडे दर पाच वर्षांनी सरपंच बदलतो आणि नवा येऊन जुन्याची फाईल बंद करतो. पंधरा वर्षांचा आराखडा कोण सांभाळणार?

उगवती:
सगळ्यांचं वाचलं. पाण्यावर एवढी चर्चा झाली, पण पाणी भरतं कोण हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. दर ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायद्यात आहे. आमच्या गावात ती कशी होते सांगू? शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, 'वहिनी इथे सही करा' म्हणतो, आम्ही भाकरी टाकता टाकता सही करतो, झाली महिला सभा. मी स्वतः चार वेळा अशी सही केलीये आणि आता त्याची लाज वाटते.

मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या सतरा जणींनी हट्टाने खरी सभा घेतली. कमान एकीनेही मागितली नाही. काय मागितलं? वरच्या आळीत नळाला पाणी पहाटे चारला येतं ती वेळ बदला. शाळेत मुलींच्या संडासाला कडी लावा. स्टँडपासून गावापर्यंतच्या दीड किलोमीटरवर दिवे लावा, कारण कॉलेजच्या मुली संध्याकाळच्या एसटीने अंधारात चालत येतात. या तीन गोष्टींना मिळून कमानीच्या निम्मा पण खर्च येत नाही. पण या मागण्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात आल्याच नाहीत. तेव्हा १५ वर्षांचं चित्र जरूर काढा, पण ते दुपारी बारा वाजता चावडीवर बसून काढणार असाल तर त्यात आम्ही नसणार.

जुना_ग्रामसेवक:
या कामात हयात गेली म्हणून थोडं लिहितो. २०१५-१६ पासून गावाने स्वतःचा आराखडा करायचा 'आमचं गाव आमचा विकास' हा सरकारी उपक्रम सुरू झाला, कल्पना फार चांगली होती. शिवारफेरी काढायची, गावाचा नकाशा लोकांनी जमिनीवर रांगोळीने काढायचा, वस्तीवस्तीत बसायचं, महिलांचं वेगळं ऐकायचं आणि मग आराखडा. पहिल्या वर्षी मी ज्या गावात होतो तिथे खरंच चार दिवस हे केलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी असे जुने झरे दाखवले जे कुठल्याच कागदावर नव्हते. नंतर मात्र पोर्टलवर भरायची मुदत, एका माणसाकडे दोन-दोन गावं, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी थोडी बदलून टाकायची सवय लागली. लोकसंख्येची आकडेवारी अजून २०११ ची, रस्त्याकडेची नवी घरं त्यात कुठेच नाहीत, म्हणजे आराखडा ज्या गावासाठी करतोय ते गाव आणि समोरचं गाव वेगळं.

कोरमचं, म्हणजे सभेला किमान किती जण लागतात त्याचं, पण समजून घ्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे हजर पाहिजेत. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. चार हजारांच्या गावाचं भवितव्य पंचवीस जणांनी हात वर करून ठरवलेलं मी बघितलंय.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांत गावाला मोकळीक. त्यामुळे 'पाण्याला पैसा नाही' हे कुणी सांगितलं तर त्याला हिशोब विचारा. माझ्या मते शिवारवाट यांचं पाणी मोजायचं बरोबर आहे पण घरांचा आकडा लिहायचं चूक, तो कोर्टात टिकणार नाही.

शिवारवाट:
सातबारा, तुमचा उसाचा हिशोब मी रात्री कागदावर दोनदा करून बघितला, बरोबर आहे. माझा दीड एकर ऊस आहे, विहिरीवर आणि एका बोअरवर. म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या आसपास मी एकटा ओढतोय. हे मी धागा काढताना लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ही चूक मान्य.

पण तरी घरांचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि का ते नीट सांगू द्या. पहिलं म्हणजे ५०० कोटी लिटर आपल्याला साठवून मिळत नाही. आपल्या खाली काळा पाषाण आहे, पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हे भांडं लहान आहे, पावसाळ्यात लवकर भरतं आणि उन्हाळ्यात लवकर आटतं. म्हणून वर्षाची बेरीज मांडली की सगळं ठीक दिसतं आणि मे महिन्यात कोरडं पडतं. दुसरं, दुष्काळात ऊस मोडता येतो, जनावरांना घालता येतो, नुकसान होतं पण वर्ष निघतं. माणसं मोडता येत नाहीत. एकदा घर झालं की त्याची तहान रोजची आणि कायमची, पाऊस २०० मिमी झाला तरी तेवढीच. तिसरं सांडपाणी. वापरलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरून अभियंते गटारं आखतात. आमच्या नव्या प्लॉटांना गटार नाही, प्रत्येकाचा शोषखड्डा, आणि ती शेतं नळयोजनेच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत. मुरमातून ते कुठे जाणार? उसाने विहीर आटते, शोषखड्ड्यांनी ती बाटते. आटलेली विहीर पावसात भरते तरी.

आणि प्रत्येक प्लॉटवाला स्वतःचा बोअर घेतोय. २००९ चा भूजलाचा कायदा आहे आपल्याकडे, विहीर किंवा बोअर ६० मीटरच्या खाली गेली की कायद्याने ती खोल विहीर होते आणि शेती-उद्योगासाठी तिच्यावर बंधन आणायची तरतूद पण आहे. आमच्याकडे बोअरची गाडी ४०० फूट, म्हणजे १२० मीटर खाली जाते आणि कुणी विचारत नाही. त्यात माझा पण एक आहे.

वेशीपलीकडे:
मी गप्प राहणार होतो पण 'गावाला किती घरं झेपतील' हे वाक्य वाचून राहवलं नाही. ही मोजणी सुरू झाली की पहिलं बोट कुणाकडे जातं? आमची वस्ती गायरानावर आहे. आजोबा १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आले आणि नंतर त्यांनी ती जागा कसायला घेतली. साठ वर्षं झाली, आज पण आमच्या नावाने आठ अ, म्हणजे जमीन नावावर असल्याचा उतारा, निघत नाही. २०११ ला सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनीवरचं अतिक्रमण काढायला सांगितलं तेव्हापासून दर दोन वर्षांनी नोटिशीची भीती आहे. त्याच निकालात भूमिहीन आणि मागासवर्गीयांना दिलेल्या जागांचा अपवाद म्हणून उल्लेख आहे, तो भाग मात्र चावडीवर कुणी वाचत नाही.

मागच्या वेळी आराखड्यात 'हरित पट्टा आणि उद्यान' असं आलं होतं. नकाशावर तो पट्टा कुठे दाखवला होता माहितीये? आमच्या घरांवर. कुणाच्या बांधाला हात न लावता हिरवळ करायची सोपी जागा म्हणून. त्यामुळे शाश्वत विकास, पर्यावरण हे शब्द आले की आमच्या वस्तीत लोक सामान बांधायचा विचार करतात. बाहेरच्याला जमीन विकायची नाही असला नियम आदर्श गावात कौतुकाने सांगतात, पण ज्याला गावात जमीनच नाही तो तीन पिढ्या राहून पण बाहेरचाच राहतो. हे आधी बोला, मग पाण्याचं.

सातबारा:
वेशीपलीकडे यांचं म्हणणं माझ्यापेक्षा खरं आहे, मान्य करतो. माझ्याकडे विकायला तरी काहीतरी आहे.

शिवारवाट, शोषखड्ड्याचा मुद्दा मला आधी कळला नव्हता. त्यावर विचार करतोय. पण माझं उत्तर बंदी नाहीये. हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी मिळून ४०० एकरच्या वर जमीन एकत्र केली, विकून मोकळे झाले नाहीत, स्वतःच भागीदार राहिले, आणि एकत्र केली म्हणून तिथे गटार, रस्ते, पाणी नीट आखता आलं. आमच्या पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या एजंटांना वेगवेगळे तुकडे दिले म्हणून आज शोषखड्डे आहेत. एकत्र आलो असतो तर एक सांडपाण्याचा प्रकल्प बसवून तेच पाणी खालच्या शेतांना देता आलं असतं. आराखड्यात हे लिहा की इथून पुढे एकट्याने प्लॉट पाडायचे नाहीत, मी सही करतो.

काळीमाती:
मगरपट्टा पुण्याच्या कडेला होता साहेब, तिथे आयटीवाले वाट बघत होते. आपल्याकडे वीस प्लॉट विकायला दोन वर्षं लागतात, तेवढ्यात सांडपाण्याचा प्रकल्प कुणाला परवडणार आणि नंतर त्याचं वीजबिल कोण भरणार? ग्रामपंचायतीचं पथदिव्यांचं बिल थकलेलं असतं.

बांबूवन:
गडचिरोलीकडचा आहे. मेंढा (लेखा) अनेकदा जाऊन बघितलंय. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहिती असते, पण त्यामागचं काम कुणी सांगत नाही. तिथे अभ्यास गट आहे. ग्रामसभेच्या आधी कितीतरी वेळा लोक बसतात, प्रश्न समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्या बैठकीत निर्णय घ्यायचा नसतो म्हणून भांडण पण होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तो सर्वसहमतीने, बहुमताने नाही. एक जण जरी अडून बसला तरी विषय पुढे ढकलतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती वेळ घालवतात. पण २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्काने १८०० हेक्टर जंगल मिळालं आणि नंतर बांबूच्या वाहतूक परवान्याची लढाई त्यांनी २०११ ला जिंकली ती या बैठकांच्या जोरावर.

काळीमाती म्हणतात की माणूस गेला की गाव पडतं. तिथल्या देवाजी तोफांचं नाव मोठं आहेच, पण तिथे निर्णय कुणा एकाच्या खिशात नसतो. तुमच्याकडे सर्वसहमती लगेच जमेल असं नाही, एकाच समाजाचं छोटं गाव आणि तुमचं चार हजारांचं मिश्र गाव यात फार फरक आहे हे मलाही कळतं. अभ्यास गट मात्र कुठेही सुरू करता येतो, पाच माणसं पुरतात.

उगवती:
पाचात दोन बायका असतील तर.

जुना_ग्रामसेवक:
आणि एक जण गायरान वस्तीतला. नाहीतर वेशीपलीकडे म्हणतात तेच पुन्हा होईल. आराखड्याच्या पहिल्या पानावरच लिहून घ्या की राहत्या घरांवर कुठलंही आरक्षण दाखवायचं नाही. ठरावाने पट्टा मिळणार नाही, पण उद्या नोटीस आली तर गावाने काय ठरवलं होतं याचा एक कागद हातात राहील.

शिवारवाट:
सगळ्यांचं वाचून मी माझं मूळ म्हणणं थोडं बदलतोय. घरांचा आकडा लिहायचा आग्रह सोडतो. पाणी आधी मोजायचं, हा आग्रह सोडत नाही, उलट आता तो जास्त पक्का झालाय, कारण आकडा समोर आल्यावरच मला माझा ऊस दिसला. नाहीतर मी प्लॉटवाल्यांकडेच बोट दाखवत बसलो असतो.

मोजणी अशी करायची डोक्यात आहे. शिवारातल्या बारा विहिरी निवडायच्या, त्यात माझी पण, दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून पाण्याची पातळी लिहायची. शाळेत पर्जन्यमापक बसवायचा, आठवी-नववीची मुलं रोज नोंद ठेवतील. सगळ्या बोअरची यादी, खोलीसकट. आकडे चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायचे म्हणजे रजिस्टरात दडून राहणार नाहीत. एक पूर्ण वर्ष हे झाल्यावर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आराखडा मांडायचा, त्याआधी कमान वगैरे काहीच नाही. वर्ष वाया जातंय असं काही जण म्हणतील, पण टँकर लागलेल्या गावाला एक वर्ष थांबून बघणं परवडतं.

नव्या ले-आऊटला नळ कनेक्शन देताना सामाईक सांडपाण्याची सोय बघायची, हा सातबारांचा मुद्दा घेतोय. वेशीपलीकडेंचा पहिल्या पानावर.

सातबारा:
विहिरी मोजायला येतो, माझी पण धरा, तेरा करा. घरांवर मर्यादा परत आली तर मात्र मी विरोधात उभा राहणार, आत्ताच सांगून ठेवतो. आणि उसाचं काय ठरलं? ते तुम्ही लिहिलं नाही.

शिवारवाट:
यंदाचा ऊस तुटला की खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक, ठेवायचा नाही असं माझं ठरलंय. वडिलांशी अजून बोललो नाहीये. विहीर त्यांनी हाताने खणलीये, १९७२ च्या दुष्काळानंतर.

वेशीपलीकडे:
आमच्या वस्तीतला हातपंप पण मोजा. मार्चमध्येच बंद पडतो, आजवर कुठल्याच यादीत आला नाही.

उगवती:
पहिली बैठक रात्री नऊला घ्या, जेवणं उरकल्यावर, आणि चावडीत नको, शाळेच्या व्हरांड्यात. मी बायकांना घेऊन येते. रजिस्टर पण आमच्याकडेच राहू दे.